हे कोपर कुठले?

माझ्या मामांच्या नातीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातवैधतेचा दाखला काढायचा होता, त्याला आता दोनेक वर्षे होतील. मी बँकेत पस्तीसएक वर्षे काढली. त्यामुळे ‘कागदपत्रांतला माणूस’ अशी माझी नातेवाइकांत उगाचच ख्याती आहे. साहजिकच फाइल माझ्याकडे आली. फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद होता मामांचा शाळा सोडल्याचा दाखला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण अक्षर मोत्यासारखे. जातीच्या रकान्यात ‘हिंदू आगरी’ आणि जन्मस्थळाच्या रकान्यात ‘कोपर, ता. पनवेल, जि. कुलाबा’.

खिडकीपलीकडचा कर्मचारी तरुण होता, सौजन्यशील होता आणि बहुधा दूरच्या जिल्ह्यातून आलेला होता. त्याने दाखला दोनदा वाचला आणि विचारले, “काका, कोपर म्हणजे डोंबिवलीच्या अलीकडचं स्टेशन ना? ते तर ठाणे जिल्ह्यात. आणि कुलाबा मुंबईत. मग मध्येच पनवेल तालुका कसा आला?”

आमची नात खुदकन हसली. मला हसू आले नाही. कारण प्रश्न वेडगळ नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदावर तीन नावे होती. त्यातले गाव जमिनीवरून गेलेले, जिल्हा नकाशावरून गेलेला. उरला होता फक्त तालुका, आणि तोही ओळखू येणार नाही इतका बदललेला.

कुलाबा जिल्ह्याचे नाव अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून पडलेले. १ जानेवारी १९८१ पासून त्या जिल्ह्याचे रायगड झाले. शिवरायांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले याचा आनंद आम्हालाही झाला होता. माझ्या तेव्हाच्या डायरीत तशी नोंदही सापडते. परंतु त्यानंतर जन्मलेल्या पिढीला कुलाबा म्हणजे रेडिओ क्लब आणि कॉजवे एवढेच ठाऊक असणार, हा विचार त्या वेळी कुणाच्या मनात आला नव्हता. त्याच्याही मागे गेलो तर पनवेल कुलाब्यातही नव्हते. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात आहे. कुलाब्याला तो जोडला गेला त्यानंतर. म्हणजे एकाच घराण्याच्या चार पिढ्या एकाच ओटीवर जन्मल्या, आणि कागदावर मात्र पणजोबा ठाण्याचे, आजोबा कुलाब्याचे आणि नात रायगडची. घर तसूभर हलले नव्हते. ते हलले पुढे, आणि हलले तेव्हा पुरतेच गेले.

ज्यांना या परिसराचा फार संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या: वरचे ओवळे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. उलव्याची नव्वदेक मीटर उंचीची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. कोपरची माणसे, आमचे मामाही, आता वडघर-करंजाडेच्या बाजूला सेक्टर आणि प्लॉट क्रमांकाच्या पत्त्यावर राहतात. घरे पक्की आहेत, नळाला पाणी आहे. ‘पूर्वीचे सारे गोड होते’ असला गळा मी काढणार नाही. कोपरला पावसाळ्यात घोटा-घोटा चिखल असे आणि मामीने डोक्यावरून पाणी वाहिलेले मी पाहिले आहे.

प्रश्न वेगळा आहे. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख धरतात. पुरावा त्या दिवसाच्या आधीचा हवा. आणि नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. म्हणजे नवी मुंबईच्या प्रत्येक भूमिपुत्राच्या नातवंडाने आपली जात सिद्ध करायची ती हे शहर कागदावर येण्याच्या जवळजवळ अडीच वर्षे आधीच्या पुराव्याने! त्या पुराव्यात सेक्टर असणार नाही, नोड असणार नाही. असेल ते फक्त गावाचे नाव. ते नाव ओळखणारे कुणी उरले नाही, तर दाखला खरा असूनही मुका होतो.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हे अनुभवले. कोतवाल बुके, जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, मोडीतले फेरफार यांच्यावरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. वंशावळ ही एरवी श्राद्धपक्षाला किंवा लग्न जुळवताना आठवणारी वस्तू, ती एकदम सरकारी कामाची झाली. आणि घरोघरी लोकांच्या लक्षात आले की आजोबांचे नाव एक वेळ सापडते, गावाचे सापडत नाही. एकाच नावाची चार गावे असतात. कोपरचेच पाहा. पनवेलचे कोपर, डोंबिवलीजवळचे कोपर, ठाण्यातली कोपरी, वाशीतली कोपरी, कोपरखैरणे, उरणची कोप्रोली. बिचाऱ्या त्या कर्मचाऱ्याला दोष काय द्यायचा?

आमच्या आगरी-कोळी समाजाची यात आणखी एक पंचाईत आहे. घाटावर आणि तळकोकणात पुष्कळ घराण्यांनी गाव आडनावात बांधून ठेवले. गाव सुटले तरी ‘कर’ सुटला नाही. सांगलीकर दिल्लीला गेला तरी सांगली त्याच्या नावाला चिकटून गेली. आमच्याकडे पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर, कडू. ही आडनावे उरणपासून भिवंडीपर्यंत गावोगाव. नुसत्या आडनावावरून माणूस कुठला ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, “कंच्या गावाचा?” त्या प्रश्नाचे उत्तर हीच आमची ओळख. गाव पुसले की पाटलाचा नुसता पाटील उरतो.

नावे पुसण्याच्या तऱ्हाही मौजेच्या आहेत. काही ठिकाणी गाव जाते आणि नाव राहते. उलवे पाहा. आज ‘उलव्यात फ्लॅट घेतला’ असे कुणी सांगितले, तर तो गव्हाण, वहाळ, बामणडोंगरी, खारकोपर या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या इमारतींबद्दल बोलत असतो. मूळ उलवे गाव विमानतळात गेले. गावाचे नाव खाडीकाठाने चालत गेले आणि शेजाऱ्यांच्या शेतात मोठे झाले.

शेव्याची कथा याहून चमत्कारिक. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला आणि तिथल्या कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नावाने वसवले गेले. त्या घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा पुनर्वसन करा म्हणून त्या लोकांनी किती वर्षे अर्जविनंत्या आणि आंदोलने केली हे वर्तमानपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहे. इकडे कोळीवाडा नवे नाव घेऊन हलला. तिकडे जुने नाव मात्र जगभर गेले. नव्वदच्या दशकात मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. निर्यातदार आपली जहाजी कागदपत्रे घेऊन येत. त्यावर माल चढवण्याचे बंदर म्हणून छापलेले असे ‘न्हावा शेवा’. एकदा पतपत्रात बंदराचे नाव ‘बॉम्बे’ आणि बिल ऑफ लेडिंगवर ‘न्हावा शेवा’, एवढ्या फरकावरून परदेशी बँकेने पैसे अडवले. पतपत्राच्या व्यवहारात शब्दाला शब्द जुळावा लागतो. तो निर्यातदार घायकुतीला येऊन मला म्हणाला, “साहेब, नावात काय आहे?” मी म्हणालो, “सध्या तरी तुमचे सगळे पैसे आहेत!” हॅम्बुर्गच्या गोदीतला कारकून आजही तो शब्द टंकतो, बंदरांच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत या बंदराचा संकेत ‘आयएनएनएसए’ आहे, त्यातला ‘एनएसए’ न्हावा-शेव्यावरूनच आला. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या सागरी पुलाच्या पूर्ण नावातही शिवडी–न्हावा शेवा आहे. हनुमान कोळीवाड्यातल्या एखाद्या म्हातारीला हे सांगितले तर ती काय म्हणेल कोण जाणे.

याउलट गाव आहे तिथेच असते आणि नाव झाकले जाते. वाशीच्या सेक्टरांच्या मधोमध जुहूगाव आहे. त्याच्या शिवारावर बांधलेल्या सोसायट्या स्वतःला वाशी म्हणवतात. करावे आणि दारावे ही जुनी गावे. स्टेशनला मात्र आधी नाव लागले ते एका वसाहतीवरून आलेले ‘सीवूड्स’. मग त्याला दारावे जोडले गेले, पुढे करावेही. त्या पाटीवर सगळे वाद एका ओळीत वाचता येतात. गंमत अशी की ‘समुद्रातले वन’ हा अर्थ त्या किनाऱ्याच्या तिवरांना अगदी चपखल बसतो. पण ज्यांनी ते नाव दिले त्यांच्या डोळ्यांसमोर तिवरे असतील असे मला वाटत नाही.

न्यायाने बोलायचे तर सिडकोने मोठ्या वसाहतींना गावांचीच नावे ठेवली. वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर, कामोठे ही नावे टिकली याचे श्रेय द्यायला हवे. दुसऱ्या एखाद्या राज्यात तिथे पुढाऱ्यांच्या नावांची नगरे झाली असती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहराखाली आली. त्यातली पंधरा-वीस नावे मोठी झाली आणि उरलेली त्यांच्या सावलीत गेली.

पण गावाचे नाव हे वरचे टरफल. आतला गर शेतांच्या नावांत असतो. सातबारा उताऱ्यावर, भूमापन क्रमांकाच्या जवळ, ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. वाचकांनी आपापला उतारा काढून पाहावा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक उताऱ्यांवर तो रिकामा आहे. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तिथे काहीतरी लिहिलेले असे. संगणकावर भरताना क्षेत्र, आकार आणि खातेदार यांची काळजी घेतली गेली. ‘उंबराचे’ किंवा ‘बांधाखालचे’ असल्या शब्दांसाठी कोण थांबणार? या नावांत मात्र त्या जमिनीची सारी हकीकत असते. आमच्या भागात खार म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवलेली जमीन. खारघर आणि खारकोपर वाचताना तो खारटपणा जिभेवर आला पाहिजे. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरून आगरी. उघाडी म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार. शिलोत्री ही बांध राखणाऱ्यांच्या जमिनीची जुनी व्यवस्था. कोकणात खाडीतल्या बेटाला जुवे म्हणतात. कामोठ्याजवळच्या जुई गावाच्या नावात फूल शोधण्याआधी खाडीचे पाणी कुठवर येत होते ते पाहावे, असे आपले मला वाटते.

बेलापूरसारख्या मोठ्या नावालाही कहाणी असते. जुन्या कागदांत ते शहाबाज आहे आणि शहाबाज नावाचे गाव आजही तिथे आहे. पोर्तुगिजांकडून किल्ला जिंकण्यापूर्वी चिमाजी आप्पांनी अमृतेश्वराला बेलाचा हार वाहण्याचा नवस केला, म्हणून बेलापूर, असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण अठराव्या शतकातला पूर्वज शोधणाऱ्याने बेलापूर शोधायचे की शहाबाज, याचे उत्तर या गोष्टीवर अवलंबून आहे. घारापुरीचेही तेच. पोर्तुगिजांनी तिथल्या दगडी हत्तीवरून तिला एलिफंटा केले. तो हत्ती आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, तरी इंग्रजी कागदांत बेट त्याच्याच नावाने आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तिथल्या तीन वस्त्यांची नावे मुंबईहून सहलीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतील?

इंग्लंडात आपल्या खेड्याचा ठाव घेणाऱ्याचे बरे असते. तिथे १८३६ च्या कायद्यानंतर चर्चचा दशांश कर रोखीत ठरवण्यासाठी परगण्या-परगण्याचे नकाशे झाले आणि सोबतच्या वह्यांत शेतांची नावेही लिहिली गेली. कर वसूल करायला केलेले काम आज पणतवंडांच्या उपयोगी पडते. १९२३ पासून तिथली स्थलनामांची संस्था एकेका परगण्याचे खंड काढते आहे. डॉर्सेटमधले टाइनहॅम हे खेडे १९४३ मध्ये लष्कराच्या सरावासाठी रिकामे केले गेले आणि गावकऱ्यांना परत जाता आले नाही. पण तिथले चर्च आणि शाळा जपली आहे, लोक जाऊन पाहून येतात. आपल्याकडे परंपरा नव्हती असे मुळीच नाही. राजवाड्यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ छापली. तिच्यात उत्तर कोकणातली गावे आणि कुळे आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची गावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. परंतु हे राखले ते एकेकट्या माणसांनी. ज्या प्रकल्पाने गाव उठवायचे त्याच प्रकल्पाच्या खर्चात गावाची नावनिशी करून ठेवायची, ही कल्पना आपल्याकडे रुजली नाही. उजनीच्या पाण्यात जुने पळसदेव गेले, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळाचे शिखर तरी दिसते. धावपट्टीखालून काय वर येणार?

विमानतळाच्या नावासाठी इथल्या भूमिपुत्रांनी केलेला लढा सर्वांनी पाहिला. १० जून २०२१ ची मानवी साखळी आणि २४ जूनचा सिडकोवरचा मोर्चा, दोन्हीत आमच्या घरातली माणसे होती. दि. बा. पाटलांचे नाव का, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन हे तत्त्व त्या आंदोलनातून आले आणि पुढे राज्यभर दाखला म्हणून दिले गेले. तेव्हा मी तरुण होतो, नोकरीत नवा होतो. मोबदल्याचे धनादेश घेऊन माणसे आमच्या शाखेत यायची, अंगठा उठवायची आणि पत्ता विचारला की क्षणभर थांबायची. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. मोठ्या नावासाठी लाखो माणसे रस्त्यावर आली, ठराव झाले, अग्रलेख आले. त्याच भिंतीच्या आत गेलेल्या दहा नावांसाठी एक साधी पाटीसुद्धा कुणी मागितल्याचे माझ्या कानावर आले नाही. मीही मागितली नाही, हे कबूल करतो. प्रस्थान कक्षाच्या एका भिंतीवर जुन्या शिवाराचा नकाशा लावायला असा काय खर्च येतो?

आणि हे इथे थांबणारे नाही. करनाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी २०२४ मध्ये १२४ गावांचे क्षेत्र अधिसूचित झाले. यात १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे चिरनेर आहे. मोजणी होईल, नकाशे होतील, ड्रोन फिरतील. त्याच मोजणीदाराने जाता-जाता गावच्या चार म्हाताऱ्या माणसांना विचारून ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना भरला, तर नवा कायदा लागत नाही, नवा विभागही लागत नाही. रकाना आहेच. तो भरायची वेळ मात्र जमीन हलण्याच्या आधीचीच असते.

आमच्या नातीचे काम पुढे झाले. दाखल्यातले कोपर आणि आजचे करंजाडे यांच्यामध्ये पूल बांधावा लागला. मामांच्या वडिलांच्या नावाचा जुना फेरफार, त्यावर कोपर आणि भूमापन क्रमांक. त्याच क्रमांकाचा भूसंपादनाचा निवाडा. निवाड्यातल्या नावावर मिळालेले भूखंडाचे वाटपपत्र. बँकेत तारण घेताना आम्ही मालकीची साखळी तपासायचो, तीच ही. एक कडी निसटली असती तर मुलीचे वर्ष गेले असते. सोबत कुलाब्याचे रायगड झाल्याचा पुरावाही जोडला. त्या तरुण कर्मचाऱ्याने सगळे नीट लावून घेतले आणि म्हणाला, “काका, हे मला माहीतच नव्हतं.”

त्या खटपटीत पणजोबांचे एक गहाणखत हाती लागले. त्यात चतुःसीमा होती : पूर्वेस खाडी, पश्चिमेस अमक्याचे शेत, दक्षिणेस उघाडी. शेताचे नाव मला लागेना. म्हणून एका रविवारी वही घेऊन मामांकडे गेलो. मामा गॅलरीत बसले होते. डोक्यावरून विमान गेले की बोलणे थांबवायचे आणि आवाज विरला की पुढची मेर धरायची. कोपरच्या देवळापासून निघून खाडीपर्यंत ते मनाने चालत गेले आणि एकामागून एक नावे सांगत गेले. मी लिहीत होतो. नात मोबाइलवर आवाज भरून घेत होती. एकेचाळीस नावे झाली. मग उघाडीपलीकडच्या दोन तुकड्यांपाशी मामा अडले. कपाळाला हात लावून बसले.

“तिकडची लावणी तुझी मामी करायची,” ते म्हणाले. “तिला विचार. मी नुसता नांगर घेऊन जायचो रे.”

मामी आत तांदूळ निवडत होती. नातीने तिला हाक मारली आणि मोबाइल घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली.